उजव्या खांद्यावरचा पदर

१

सोमवारी भिमामावशीनं एकशे चाळीस पोरांची खिचडी शिजवली. जेवली अकरा.

बाकीची पोरं घरून डबे घेऊन आली होती. शाळेतलं खायचं नाही असं घरच्यांनी बजावलं होतं. मावशी शाळेच्या मागच्या पायरीवर बसलेली. शेजारी झाकलेलं पातेलं, आणि झाकणावर तिचा हात, कुणी उचलून नेईल असा. मला बघून म्हणाली, "नागसेन, जेवून जा बाळा. लई उरलीय."

मी दोन ताटं जेवलो. भूक नव्हती, राग होता.

कारण एक फोटो. शनिवारी संध्याकाळी निघाला आणि रविवारपर्यंत ढोकी, कळंब, अणदूर सगळीकडं पोचला. फोटोत पुढं उसानं भरलेली ट्रॉली. मागं आमच्या गावच्या हिंमतरावांचा म्हशीचा गोठा. आणि गोठ्याच्या अंधारात एक बाई उजेडानं चमकतीय. पांढरी साडी. छातीपासून खाली काही नाही. बाई हसतीय.

चेहरा सगळ्यांनी ओळखला. पौर्णिमा. भिमामावशीची लेक. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ऑक्टोबरात डेंग्यूनं गेली. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "हिची आई तुमच्या लेकरांना जेवण वाढते. विचार करा."

"शुक्रवारी शाळेत मीटिंग हाय," मावशी म्हणाली. "काढणारेत मला. नऊ वर्षं झाली."

"असं कसं काढतील?"

"भुताच्या आईच्या हातचं कामून खावं, म्हणत्यात." तिनं झाकणावरचा हात काढला नाही. "काम गेलं तर ऊसतोडीला जाईन. पर पोरगी गेली तवा तिचं नाव तरी माझ्याजवळ राहिलं व्हतं. आता त्ये बी न्हाय. भूत म्हणत्यात रे तिला."

"मावशी, तुम्ही फोटो बघितला?"

"न्हाय. आन् बघणार बी न्हाय."

मी दाखवला नाही. वस्तीत कुणीच तिला दाखवला नाही. इथंच आम्ही चार दिवस वाया घालवले, पण ते नंतर कळलं.

२

माझं ढोकीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शिकवलं कुणी नाही, फोडून फोडून शिकलो. फावल्या वेळेत मी भुताचे फोटो फोडतो. आत्तापर्यंत तीसेक फोडले असतील. घाटातली पांढरी बाई म्हणजे पॅनोरमा घेताना मधेच चालत गेलेली कुणाची तरी बायको. जिन्यावरचा साहेब म्हणजे एकाच काचेवर दोनदा काढलेला जुना फोटो. खिडकीतलं लेकरू म्हणजे डाग, बाकी आपलं डोकं नाक-डोळे लावतं. व्हिडिओ बनवतो, चारशे लोक बघतात, त्यातले निम्मे शिव्या देतात.

त्या रात्री मी रागात होतो आणि रागात माणूस घाई करतो. फोटो फॉरवर्ड होऊन होऊन पार धुऊन निघालेला. तसल्यात काय कळणार? तरी मी व्हिडिओ टाकला. म्हणालो, हे मोबाईलच्या ॲपमधून चिकटवलेलं भूत आहे आणि चिकटवणारा म्हणजे फोटो काढलेला ट्रॅक्टर ड्रायव्हर सिद्धाराम आहे.

मंगळवारी दुकान उघडलं तर सिद्धाराम पायरीवर बसलेला. अणदूरचा गडी, सीझनला कारखान्याकडं ट्रॅक्टर चालवतो. उठला आणि मोबाईल माझ्या काउंटरवर आपटला.

"बघ. तू मोबाईलचा डॉक्टर ना? काढ ह्याच्यातलं ॲप."

मी बघितलं. ॲप नव्हतं. मूळ फोटो तसाच होता. शनिवार, सहाला दहा कमी. त्याच्या आधी ट्रॉलीचे दोन फोटो, नंतर एक. त्या तिन्हीत पण गोठ्यात बाई. अंधुक, पण बाई.

"मी माझ्या ट्रॉलीचा फोटो काढायलतो," तो म्हणाला. "स्टेटसला. घरी जाऊन बघतो तर ही. दोन दिवस मला ताप. आन् तू म्हणतूस मी चिकटवली. माझी आई विचारायली, सिद्ध्या, मेलेल्या पोरीची चेष्टा करतूस व्हय?"

मी मूळ फाईल माझ्याकडं घेतली आणि मोबाईल त्याला परत दिला.

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला होता. हिंमतराव पारावर म्हणाले, "भुतं फोडणाऱ्याला भुतानंच फोडलं." हसले म्हणे सगळे. फोटो खरा आहे असं आता मीच सिद्ध करून दिलं होतं.

३

मूळ फाईल मी दुकानातल्या स्क्रीनवर मोठी केली. मोठ्या फोटोत तीन गोष्टी दिसल्या, ज्या फॉरवर्डमध्ये कधीच दिसल्या नसत्या.

एक, बाईच्या डोक्यावर उजेडाचे तीन ठिपके. एका रेषेत, सारख्या अंतरावर.

दोन, उजवीकडं वर एक काळी वाकडीतिकडी रेघ. गाव तिला जटा म्हणत होतं.

तीन, पदर. पदर उजव्या खांद्यावर. नाकातली चमकी पण उजवीकडं.

तेवढ्यात उमाकाकू चार्जर घ्यायला आल्या. उमाकाकूंना सुनेसाठी, शिवलीलासाठी, मावशीचं काम हवं होतं. हे सगळ्या गावाला माहीत. माझा पहिला संशय तिकडंच. मी विचारलंच, "काकू, फोटोखालचं ते तुम्ही लिहिलं का?"

"मला लिहिता येत असतं तर तुझ्या दुकानात चार्जरसाठी भांडले असते व्हय? अंगठा लावते मी." त्या स्क्रीनकडं वाकल्या. "काम पायजे मला. लपवत न्हाय. शिवलीला घरी बसून हाय. पर भूत म्या न्हाय आणलं."

"पदर बघा काकू. उजवीकडं."

"मग? भुताचं सगळं उलटं असतंय. पाय उलटे, तसा पदर उलटा. म्हणून तर लोकान्ला खात्री पटली. खोटं कुणी केलं असतं तर पदर बरोबर दाखवला असता."

ही गोष्ट मला लई लागली, कारण काकूंचं बरोबर होतं. खोटं करणारा पदर डावीकडंच ठेवेल.

समोरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला की उलटा निघतो कधीकधी. पण सिद्धारामच्या ट्रॉलीवर पाटी होती, खंडोबा प्रसन्न. ती सरळ वाचता येत होती. म्हणजे फोटो सरळ. ट्रॉली सरळ, म्हशी सरळ, गोठा सरळ.

फक्त बाई उलटी.

आणि आपण कुठली वस्तू मागच्या बाजूनं बघितली की ती अशी उलटी दिसते?

४

भीमाशंकर फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून. मी विचारलं, "पौर्णिमाचं फ्लेक्स तूच केलतं ना?"

"मीच. जलदान विधी आन् पुण्यानुमोदनाचं. चार रुंद, सहा उंच." त्यानं फाईल उघडली.

पौर्णिमा. बुद्धपौर्णिमेला विहारात काढलेला फोटो. आमच्यात बाया त्या दिवशी पांढरं नेसतात. गावाला तीच पांढरी साडी भुताची वाटली.

"हिला उलटी कर," मी म्हणालो. भीमाशंकरनं आरशासारखी फिरवली. मी शेजारी सिद्धारामचा फोटो ठेवला.

तेच हसू, तीच मान, पदराची तीच घडी. भूत असतं तर मे महिन्यातलं हसू तसंच्या तसं जानेवारीत कशाला हसलं असतं?

भीमाशंकरनं खुर्ची मागं सरकवली. "आयला. हे ठिपके माझ्या रिंगा हैत. वरच्या काठाला चार मारतो, दोरी बांधायला. भोकातनं ऊन यायलंय."

"इथं तीनच आहेत."

"चौथी गेली. फाट्यावर लावलं त्याच दिवशी वाऱ्यानं डावा कोपरा फाटला. मी म्हणलं मावशी, नवं देतो. तर म्हणली पोरीचं त्वांड फेकू का काय? स्वतः दाभणानं शिवलं सुतळीनं."

समोरून डावा, मागून उजवा. ती जट नव्हती. तो मावशीचा टाका होता.

"मग फ्लेक्स गेलं कुठं?"

"तिसऱ्या दिवशी फाट्यावरनं गायब. मावशी विचारायला आलती. मी म्हणलं पंचायतीनं काढलं असंल." त्यानं माऊस सोडला. "त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचं लागलं. बारा बाय दहा."

"कुणाच्या?"

त्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "हिंमतआण्णांच्या. माझं नाव घेऊ नको भावा. त्येंचे वर्षाला आठ फ्लेक्स असत्यात."

५

बुधवारी सकाळी मी गोठ्यावर गेलो.

गोठ्याच्या पश्चिमेला हिंमतरावांचा ऊस होता. आता नुसती खोडकं आणि जळालेलं पाचट. गोठ्याच्या त्या बाजूला हिरवी जाळी लावलेली. कोरी. घड्या पण मोडल्या नव्हत्या.

हिंमतराव बाजेवर बसले होते. शाळा समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, पांढरी पँट, त्यांना कुणी भूत म्हणत नाही.

"ये डॉक्टर," म्हणाले. "कुणाला फोडायला आलास?"

"आण्णा, ऊस कधी तुटला?"

"शुक्रवारी तोड संपली. शनिवारी शेवटची ट्रॉली गेली. का रे?"

"आणि जाळी?"

"रविवारी आणली. डास लई झालेत."

"त्याच्या आधी तिथं काय होतं? फ्लेक्स?"

"कसलं फ्लेक्स? माझ्या गोठ्याला आजतागायत फ्लेक्स लागलं न्हाय. ऊस व्हता की आडोशाला." हे म्हणताना ते हसत होते, पण पायातली चप्पल घालायला लागले. "नागसेन, ऐक. मावशीचं मला बी वाईट वाटतंय. पर लोक बोलायलेत. चार वर्षं झाली मी म्हणतोय, स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवा. माझा नातू पैल्यापासून घरचाच डबा नेतो. तवा तर भूत नव्हतं, खामखा माझ्यावर घेऊ नको."

स्वतःच्या तोंडानं बोलले. नातू पैल्यापासून डबा नेतो. भूत नुसतं निमित्त होतं.

मी जाळीजवळ गेलो. वरच्या पाइपाला तारेचे तीन तुकडे लोंबत होते. गंजलेले. जाळी नव्या दोरीनं बांधलेली होती. तीन तुकड्यांत सारखं अंतर. वितीनं मोजलं.

आता सगळं जुळत होतं. ऑक्टोबरात फ्लेक्स इथं लागलं, छापलेली बाजू उसाकडं, कोरी गोठ्याकडं. ऊस दहा फूट उंच, गोठ्याला खेटून. तीन महिने त्या कापडावर ऊन पडलंच नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला गोठ्यात पांढरा पडदा. शुक्रवारी ऊस तुटला. शनिवारी मावळतीचं ऊन समोरून पडलं आणि पौर्णिमा मागून दिसली. खालचा भाग गव्हाणीआड. ऊस उभा होता तोवर भूत नव्हतं.

पण तारेचे तीन तुकडे दाखवून शुक्रवारी मीटिंग जिंकता येत नाही. बघितलेलं माणूस पाहिजे होतं.

ऊस ज्यांनी तोडला त्यांनी बघितलं असणार.

६

ऊसतोडीची टोळी कारखान्याजवळ कोप्या, पाचटाच्या झोपड्या, टाकून होती. सिद्धाराम मला घेऊन गेला. माझ्यावर राग होता त्याचा, पण फोटोवर जास्त होता.

मल्लम्मा नावाची बाई भाकरी थापत होती. सीमेपलीकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी. तिला मी मोबाईलवर भीमाशंकरची फाईल दाखवली. सरळ पदराची.

"ही व्हय," ती म्हणाली. "यव्वा, लई देखणी. शेवटच्या दोन सरी तोडल्या तवा दिसली. म्हशीच्या गोठ्याला लावलेली."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कशाची? फोटो हाय की. फुलं बी छापलेली. आमी म्हणलं घरातलं लेकरू वारलं असंल." तिनं भाकर तव्यावर टाकली. "दुपारी तिथंच सावलीला जेवलो. तिच्याम्होरं चतकोर भाकर ठिवली म्या. मेलेल्याम्होरं बसून नुसतं आपणच कसं खावं?"

सिद्धाराम दुसरीकडं तोंड फिरवून उभा राहिला.

"मल्लम्मा, शुक्रवारी शाळेत येऊन एवढंच सांगाल का?"

तिनं कोपीच्या मागं बघितलं. मुकादम तिथंच होता. "शुक्रवारी तोड हाय बाबा. आन् त्यो मालक. फुडच्या साली त्याच्याच शेतात कोयता चालवायचाय. आमचं कोण ऐकतंय?"

ती खोटं बोलत नव्हती. माझा राग कुणावर काढावा कळेना. तीन महिने गोठ्यात लटकलेल्या पोरीला फक्त एका परक्या बाईनं माणूस म्हणून बघितलं, आणि तिलाच बोलायला बंदी.

७

शुक्रवार, दुपारी तीन. शाळेचं पटांगण.

आमच्या गावात मीटिंगला सतरंजी नसते. जुने फ्लेक्स अंथरतात, कोरी बाजू वर. छापलेली बाजू वर ठेवली तर लोक बसायला बिचकतात. कुणाच्या तोंडावर बसणार? कधी साहेबाचं असतं, कधी देवाचं. फ्लेक्सचा गठ्ठा हिंमतरावांच्या गोठ्यातूनच येतो. त्यांचा गडी ट्रॅक्टरवर आणून टाकतो.

पन्नासेक माणसं होती. भिमामावशी बायकांच्या कडेला, उमाकाकूंच्या शेजारी बसली. हेडमास्तर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, काही बोलणं झालेलं नसताना.

मी सगळं सांगितलं. ऊस, ऊन, रिंगा, पदर. फाईल आणि फोटो शेजारी शेजारी मोबाईलवर फिरवले. लोक बघत होते आणि एकमेकांकडं बघत होते. वाटलं, झालं.

हिंमतराव उठले. "व्हिडिओत म्हणला ॲप हाय. आता म्हणतो फ्लेक्स हाय. उद्या म्हणंल चंद्र व्हता. मंडळी, पोरगा हुशार हाय, पर वस्तीतला हाय, मावशीचा हाय. मला फक्त एक सांग, नागसेन. कुठंय फ्लेक्स? आण. दाखव. मी सगळ्यांदेखत माफी मागतो."

फ्लेक्स नव्हतं माझ्याकडं. चार जण हसले. मला रागानं रडू यायला लागलं, खरं सांगतो.

"न्हाय ना?" हिंमतराव म्हणाले. "मास्तर, ठराव लिवा."

"नागसेन," भिमामावशी म्हणाली. "हिकडं ये."

ती बसल्या जागेवर वाकली होती. फ्लेक्सच्या कोपऱ्यावर तिचा हात होता. बोटं मागं पुढं फिरत होती, जशी ती तांदळातले खडे बघताना फिरवते.

"हा टाका माझाय."

कोपऱ्यावर सुतळी होती. वाकडीतिकडी, जटेसारखी. शेजारी काठाला एक रिंग. पुढं दुसरी. पुढं तिसरी.

सगळ्यात आधी उमाकाकू उठल्या. मग त्यांच्या मागच्या बायका. मग शिवलीला. मावशी उठली नाही, ती कडेला मातीत सरकली. मी आणि सिद्धारामनं दोन टोकं धरली आणि उलटं केलं.

पौर्णिमा. शेणाचे डाग, एका गालावर तारेचा ओरखडा. पदर डाव्या खांद्यावर. हसत होती.

भीमाशंकर मागं उभा होता. नाव घेऊ नको म्हणणारा. तोच मोठ्यानं म्हणाला, "माझ्याच मशीनचं हाय. ऑक्टोबरचं."

हिंमतराव गड्याकडं वळले. "गोठ्याला हे तू लावलतं का रे?"

"तुमीच म्हणला व्हता आण्णा, फाट्यावरलं काढ, गोठ्याला लाव, ऊस तुटला की म्हशीला ऊन लागंल," गडी म्हणाला. "आन् आयतवारी म्हणला काढून घडी घाल, कुणाला दिसू देऊ नको. म्या घडी घातली. गठ्ठ्यात ठिवली. फ्लेक्स कोण फेकतंय?"

"बघा," हिंमतराव लोकांना म्हणाले. "गड्यानं लावलं. मला काय म्हायती कुणाचा फोटो हाय?"

मी म्हणालो, "आण्णा, बुधवारी तुम्ही म्हणालात गोठ्याला आजतागायत फ्लेक्स लागलं नाही. नसलेलं फ्लेक्स गड्यानं लावलं कसं? आणि कुणाचा फोटो ते माहीत नव्हतं तर रविवारी लपवायला कशाला सांगितलं? रविवारी तुम्हाला कळलं होतं भूत कुठून आलंय. सोमवारी मावशीची खिचडी उरली तेव्हा कळलं होतं. आज ठराव लिहा म्हणताना पण कळलं होतं."

ते पायानं चप्पल शोधायला लागले.

"माफी मागतो म्हणलता," उमाकाकू म्हणाल्या. "आमी ऐकलंय. अंगठेबहाद्दर असलो तरी कान हैत."

हिंमतराव पुटपुटले काहीतरी. मावशीनं तिकडं बघितलं पण नाही. तिनं पदरानं पोरीच्या तोंडावरचं शेण पुसलं. वाळलेलं होतं, निघेना. थुंकी लावून पुसलं, लेकराचं पुसतात तसं. मग घडी घातली, छापलेली बाजू आत, आणि उठून हेडमास्तरांपुढं उभी राहिली.

"मास्तर, उद्या तांदूळ कितीचा घालू?"

हेडमास्तरांनी अध्यक्षांकडं बघितलं. मग अर्धा लिहिलेला ठराव फाडला. "एकशे चाळीसचा."

शनिवारी जेवली ब्याण्णव. हिंमतरावांचा नातू घरच्या डब्यातलंच खात होता. फोटोखालचं ते वाक्य कुणी लिहिलं ते अजून सापडलं नाही. ज्यांनी पुढं पाठवलं ते सगळे सापडलेत, अख्खं गाव आहे. खरी गोष्ट सांगणारा माझा व्हिडिओ सहाशे जणांनी बघितला. भुताचा फोटो अजून फिरतोय. काल लातूरच्या एका गिऱ्हाइकानं मलाच दाखवला, म्हणाला, खरा आहे बघा.

मल्लम्माचं मी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ पातेलं घासत राहिली.

"भाकर कशाची व्हती?"

"ज्वारीची असेल."

त्या दिवशी खिचडी उरली नव्हती. मावशीनं वेगळी शिजवली, डब्यात भरली, आणि म्हणाली, "काढ गाडी. कोप्या कुठं हैत ते दाखव मला."